खाडीचा चिखल आणि आबांची मेंढरं

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये मी प्लॅस्टिकचे ते लांब पाइप घेऊन चढले तेव्हा निम्म्या डब्याला वाटलं, कुणाची तरी बोअर चाललीय. "किती फुटावर लागलं वो पाणी?" असं एका मामांनी विचारलंसुद्धा. मी म्हटलं, पाणी नाही, चिखल आहे, कोकणातल्या खाडीतला. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की उरलेला वेळ मी खिडकीबाहेर तोंड करून बसले. बाहेर तरी बघण्यासारखं काय होतं? उघडी पडलेली शेतं, सुकलेला ऊस आणि टँकरची वाट बघणारे रांगेतले हंडे. पाऊस सलग रुसला होता त्या वर्षांतली ही गोष्ट. खुटबावला उतरले तेव्हा पाइप उतरवून घ्यायला आबा आले होते.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते. आमचं घराणं मूळचं मेंढरांमागं फिरणारं. बाकीच्यांनी कधीच मेंढरं विकून ऊस-कांदा धरला होता, वडील शिक्रापूरला कंपनीत जात होते आणि तिथंच खोली करून राहत होते. आबांनी मात्र एक छोटा कळप हट्टानं ठेवला होता. तरुणपणी ते दर हिवाळ्यात मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचे, त्यामुळं खाडी, खाजण, तिवर हे शब्द घरात फक्त त्यांना आणि मला माहीत होते.

मी तेव्हा वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होते. विषय ऐकला की लोक एकतर हसायचे, नाहीतर माझ्या लग्नाचं विचारायचे. विषय तसा साधा होता. झाडांचे पराग उडतात, खाडीच्या गाळात जाऊन बसतात आणि हवा लागत नाही म्हणून हजारो वर्षं कुजत नाहीत. नळी खोल रुतवून तो गाळ सबंध वर काढला, की सगळ्यात खाली सगळ्यात जुना काळ आणि वर अलीकडचा. त्याचे पातळ काप करायचे, आम्लात उकळायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. माझ्या गाळात तळाशी गवत होतं, गोड्या पाण्याकाठची झाडं होती. म्हणजे तेव्हा समुद्र लांब होता. वरच्या भागात कांदळ, चिपी, तिवर अशी सगळी खारफुटी होती. पृथ्वीवरचं बर्फ वितळून समुद्र चढत गेला, तो तिथं येऊन पोचला होता.

खारफुटीला चढत्या पाण्यात जागेवर उभं राहून चालत नाही. पाणी सावकाश चढलं आणि नदीनं गाळ आणून दिला, तर तिचं बी मागच्या चिखलात रुजतं आणि सगळं रान हळूहळू जमिनीकडं सरकतं. पाणी घाईनं आलं, किंवा पाऊस आटून नदीच रोडावली, तर ते रान उभंच्या उभं मरतं. माझ्या खाडीत यातलं काय झालं, एवढंच मला शोधायचं होतं. ते मधल्या थरांत होतं आणि मधले थर मी अजून कापलेले नव्हते.

कापणार कशी? माझे मार्गदर्शक निवृत्त झाले होते. विभागातला फ्रीज लोडशेडिंगमुळं दिवसातला बराच वेळ नुसतं कपाट होऊन उभा असायचा, गाळाला बुरशी दिसायला लागली होती. नव्या साहेबांना तर तो कोपराच मोकळा हवा होता. पुन्हा कोकणात जाऊन नवा गाळ काढावा म्हटलं, तर ती जागाच उरली नव्हती. त्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत, मुरूम ओतून जेटीकडं जाणारा रस्ता केला होता. मी तो बघून आले होते, रस्त्यावर बसून रडूनही आले होते. म्हणजे जगात तो गाळ फक्त माझ्याकडं होता. घरी मागची खोली अंधारी आणि मातीच्या जमिनीची होती, तिथं मी वरचा, मधला आणि तळातला गाळ असे तीन पाइप ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. आई पिण्याच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी रोज त्यावर शिंपडायची आणि शिंपडताना मला शिव्या द्यायची. दोन्ही अगदी मनापासून.

इकडं आबांच्या मेंढरांचे हाल बघवत नव्हते. गाई-बैलांसाठी चारा छावणी होती, मेंढरांना तिथं कोण घेणार? आबा बाभळीच्या शेंगा झोडून आणायचे, कुणाच्या तरी बांधावरचा वाळका पाला मागून आणायचे. मेंढरं अंगानं खंगली होती आणि येड्यासारखी घराची भिंत चाटायला लागली होती. भिंतीला मिठासारखा खारा लोणा धरला होता, तो चाटत होती. आबा उंबऱ्यावर बसून बघत राहायचे. माझा तर जीव वर-खाली व्हायचा, पण मेंढरांसाठी नव्हे, गाळासाठी. मला खोटं सांगायचं नाही.

त्या दिवशी मी पुण्याला शिष्यवृत्तीची मुदत वाढवून मागायला गेले होते. ती मिळाली नाही. दुपारच्या गाडीनं डोकं फिरलेल्या अवस्थेत परत आले तर अंगणात मेंढरं गव्हाणीत तोंड घालून मचमच खात होती आणि आबा कित्येक महिन्यांनी हसत होते.

"आगं, खात्यात बघ! कालपातूर कोंड्याला तोंड लावत नव्हती."

"काय घातलंत, आबा?"

"तुझी खाडीची माती. कोंड्यात कालवून घातली. आमी कोकनातनं माघारी येताना खाजनाच्या कडंला मुद्दाम थांबायचो, खारी माती चाटवायला. त्यानं मेंढरू उभं ऱ्हातंय."

मी आत धावले. तीन पाइपांपैकी मधला रिकामा होता. आबांनी निवडताना कुचराई केली नव्हती, जिभेवर ठेवून बघितली होती. वरच्या पाइपातली माती घाण मारत होती म्हणून ती सोडली. तळातली सपक लागली म्हणून तीही सोडली. मधली चांगली खारट लागली. समुद्र जिथं चढला होता नेमका तोच भाग त्यांनी कोंड्यात कालवला होता.

मी ओरडले. अंगणात उभी राहून आबांना काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही, पण त्यातला एकही शब्द मला आज परत घ्यावासा वाटत नाही. माझी सगळी उमेदीची वर्षं त्या गव्हाणीत होती. आबांचं हसू गेलं. ते फक्त एवढंच म्हणाले, "मातीच न्हवं का बाई ती? मला वाटलं, तुझं बघून झालं आसंल."

खारं खाल्ल्यावर मेंढरं पाण्यासाठी ओरडायला लागली. आबांनी टँकरचं भरून ठेवलेलं पिंप त्यांच्यापुढं रिकामं केलं आणि मग आईनंही तोंड सोडलं. सगळं घर एकमेकांवर ओरडत होतं.

दुसऱ्या दिवशी मी खराटा घेऊन लेंड्या गोळा केल्या. हसायचं त्यानं हसावं. परागाचं कवच भलतं चिवट असतं, ते पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. मी लेंड्या पिशव्यांत भरल्या, पुण्याला नेल्या, उकळल्या, गाळल्या. प्रयोगशाळेतला शिपाई नाकाला रुमाल लावून दारात उभा होता. मी काचेवर थेंब ठेवून डोळा लावला आणि मला ते दिसले. कांदळाचे कण, सुबक, एकही न फुटलेला. चिपी होती, तिवर होतं. हजारो वर्षं चिखलात राहून आणि मेंढीच्या आतड्यातून जाऊनही ते शाबूत होते. त्यांच्याच शेजारी या वर्षीची बाभूळ होती आणि बाजरीही होती. मी एकेक काच बघत गेले. सगळीकडं सगळं होतं. आधी कोण आणि मागून कोण आलं हे मात्र कुठंच नव्हतं, आणि मला तर तेवढंच हवं होतं. रान सरकलं असेल तर त्याचे कण टप्प्याटप्प्यानं वाढताना दिसले असते. मेलं असेल तर मध्येच तुटलेले दिसले असते. आता त्याचा काला झाला होता. मी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला आणि गाडी धरली.

घरी आले तेव्हा दारात टेम्पो उभा होता. दौंडच्या बाजूचा एक व्यापारी मेंढरं बघायला आला होता. भाव काय पाडून मागत असेल ते मागत असेल, मी तिकडं लक्ष दिलं नाही. आबा त्याला सोडून माझ्याकडं आले. आमचं बोलणं बंद होतं, पण त्यांनीच तोंड उघडलं.

"घावलं का काय?"

"कण घावले, आबा."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मंग सांग की. ती झाडं तगली का बुडाली? तू म्हनायचीस, त्या वक्ताला बी पाऊस आटला आसंल. आन् तरी ती सरकून सरकून तगली आसतील, तर मी बी न्हाई इकत. काढू कळ अजून."

व्यापारी घड्याळ बघत होता. आई दारात येऊन उभी राहिली. तगली असं म्हणायला मला काहीच लागणार नव्हतं, आणि ते खरंही असू शकलं असतं. पण मी तेवढ्या एका गोष्टीसाठी माझी सगळी वर्षं घातली होती, आणि ती न कळता कळली म्हणून सांगणं मला जमेना.

"कळलं नाही, आबा. आता कळणारही नाही. ते ज्यात होतं, तेच मेंढरांनी खाल्लं."

आबा वळले, जाळीच्या कुंपणातून पहिली मेंढी त्यांनी स्वतः उचलली आणि टेम्पोत नेऊन ठेवली. व्यापाऱ्याच्या माणसाला हात लावू दिला नाही. शेवटच्या मेंढीपर्यंत एकट्यानं उचलली आणि टेम्पो गेल्यावर त्या रिकाम्या कुंपणात जाऊन बसले. पुढं मी शिरूरकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले. आबा त्यानंतर बरीच वर्षं होते. मी काय शिकले, काय शिकवते, हे त्यांनी मला परत कधीच विचारलं नाही.