लाहोरवाल्यांचा रुसवा आणि माणिकआत्याची परात

...तर लाहोरवाले प्रोफेसर भर पंगतीतून उठले की हो! काल इथवर आलो आणि तुमच्या आजीनं जेवायला हाक मारली, त्यामुळं ते बिचारे कालपासून तसेच उभे आहेत. एका हातात पाटवडी, दुसरा हात रिकामा, आणि डोळे वर निंबाच्या शेंड्याकडे. पाचोळ्यात पाय पडतो की कोणाच्या पत्रावळीत, याचंही भान नाही. चालले सरळ अंगणात.

पण काल जे नव्हते, त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. नाहीतर मधेच कोणीतरी विचारणार, पंगत कोणाच्या लग्नाची?

लग्न नव्हतं बाबा. गणित होतं.

इंग्रजाचं राज्य होतं तेव्हा, आणि वऱ्हाड सी.पी.ला, म्हणजे मध्य प्रांताला, जोडलेला. त्या हिवाळ्यात अमरावतीच्या एका कॉलेजात गणित संशोधन मंडळाचं अधिवेशन भरलं. कोणी मद्रासचा, कोणी कलकत्त्याचा, कोणी लाहोरचा, असे देशभरातले गणिती गोळा झाले. त्यांना बडनेरा स्टेशनावरून बैलांच्या दमणीत घालून आणायचं काम माझ्याकडं. मी नुकती मिशी फुटलेला गडी. गणितात माझी मजल पावकी-निमकीपर्यंत. आमच्या गावच्या शाळेत त्याच्यापुढं मास्तरच गेलेले नव्हते, तर मी कुठून जाणार?

आणि या सगळ्या पंडितांचं जेवण होतं माझ्या सख्ख्या आत्याकडं, माणिकबाईकडं.

आत्या मूळची पातूरकडची, काळ्या जमिनीच्या घरातली, दिली अकोल्यात. तिचे यजमान, आमचे मामाजी, लवकर गेले. तेव्हापासून तिनं लग्नाकार्यातला स्वयंपाक धरला. अकोला ते अमरावती, जिथं मांडव पडेल तिथं आत्या. सोबत स्वतःच्या दोन मोठ्या पितळी पराती आणि झारा. दुसऱ्याच्या परातीला ती हात लावायची नाही. पंगत उठली की ती आधी उष्ट्या पत्रावळी पाहत फिरायची. कोणी काय टाकलं, त्यावरून माणूस सांगायची. "हा पोरगा आजारी हाय." "ही बाई नवऱ्याशी भांडून आली." आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. चुकलं, तर ती म्हणायची, "मंग पत्रावळ बदलली असन."

कॉलेजच्या हॉस्टेलची मेस त्या वर्षी रिकामी पडली होती आणि आत्याच्या मनात ती भरली होती. एकदा मला दमणीत म्हणाली, "जिंदगीभर लोकायच्या अंगणात तीन दगड मांडले अन् सकाळी मोडले. आता एक चूल अशी पाहिजे का जे सकाळी उठून पायलं तरी तिथंच असन." आत्या अशी बोलायची नाही कधी. म्हणून ते माझ्या ध्यानात राहिलं.

मेस कोणाला द्यायची, हे महादेवरावांच्या हातात. ते हॉस्टेलच्या ट्रस्टचे अध्यक्ष, कापसाच्या जिनिंगचे मालक. मेसच्या कोठीची किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात असायची आणि बोलताना ते ती वाजवायचे. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "शेवटच्या दिवशी मी जेवायले येतो. पाहुण्यायची तोंडं पाहीन, तुमच्या पाटवडीची चव पाहीन, अन् मंग ठरवीन."

मेस मागणारा दुसरा गडी म्हणजे चौकातला ओमप्रकाश हलवाई. अधिवेशनाचा चहा आणि जिलबी त्याच्याकडं होती. फाटकाशी कढई मांडून बसायचा आणि येता-जाता आत्याला डिवचायचा.

"बाई, प्रोफेसर लोग है ये. तुमचा रस्सा खाऊन डोक्यातलं सगळं घामावाटे निघून जाईन!"

"अन् तुही जिलबी खाऊन चिकटून राहीन, नाई का?" आत्या मागं न बघता म्हणायची.

अधिवेशन म्हणजे काय, ते आम्हाला भगवंतरावांकडून कळायचं. ते कॉलेजातले गणिताचे मास्तर आणि स्वागत समितीचे चिटणीस. रोज सकाळी मंडळाची वार्ता फळ्यावर लावायचे. कोण आले, कोणाचं व्याख्यान, कोणाच्या निबंधाला पदक, पुढच्या वर्षी मंडळ कुठं भरणार. सगळं इंग्रजीत. मग आम्हा कामाच्या माणसांना मराठीत सांगायचे. सकाळी मूळ संख्यांवर व्याख्यान, मग चहा. दुपारी पदकसमारंभ, मग चहा.

आत्या म्हणाली, "चहा सोडून काही समजून नाई राहिलं. पण चालू द्या."

शेवटच्या दिवशी फळ्यावर लाहोरवाले होते. एकाच आकाराचे तुकडे घेऊन, मधे फट न ठेवता, सपाट जागा किती तऱ्हांनी भरता येते, असा त्यांचा विषय. मला आपलं वाटलं, भावाभावांतला वाटणीचा दावा असेल. व्याख्यानात म्हणे त्यांची एक तऱ्हा अर्ध्यावर अडली. फळा पुसला, पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. आणि तसेच उठून जेवायला आले.

आता पंगतीवर या.

त्या दिवशी आत्यानं पाटवडी-रस्सा केला होता. बेसनाच्या त्या तिरप्या, पत्त्यांतल्या चौकटसारख्या कापलेल्या वड्या पत्रावळीवर आणि झणझणीत रस्सा द्रोणात. एक परात पंगतीसाठी. दुसरी, खास वरून खोबरं-कोथिंबीर पेरलेली, महादेवरावांसाठी झाकून ठेवलेली.

सगळे जेवायला लागले. लाहोरवाले मात्र वड्या खाईनात. त्या पत्रावळीवर मांडायला लागले. टोकाला टोक लावून एक चांदणी केली, तिच्या भोवती अजून एक कडं. वड्या संपल्या. शेवटची हातात राहिली. आणि ते उठले.

इथंच आत्याचं चुकलं. पण आमच्याकडची कोणतीही बाई त्या जागी चुकलीच असती. कारण आमच्या पातूरकडं जावई रुसला की काय करतो? तोंडानं बोलत नाही. पानातलं वाढलेलं नुसतं इकडून तिकडं मांडतो, एक घास खात नाही, आणि उठतो. झालं! मग पंगतीतल्या सगळ्यांनी हात थांबवायचा. जोवर रुसवा निघत नाही आणि तो माणूस पानावर परत बसत नाही, तोवर कोणी घास घ्यायचा नाही.

आत्यानं झारा वर केला. "थांबा सगळे!"

कलकत्त्याच्या म्हाताऱ्या प्रोफेसरांचा घास ओठाशी होता. आत्यानं त्यांच्याकडं असं काही पाहिलं की तो घास परत पत्रावळीत गेला. भगवंतरावांनी धावत येऊन सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं, की हा इथला नियम आहे. नियम म्हटल्यावर ती सगळी माणसं एकदम गप्प बसली. नियम या लोकांना चटकन पटतो. हात रश्श्यात माखलेले, तोंडाला पाणी सुटलेलं, आणि बसलेत आपले देवळातल्या मूर्तींसारखे.

"बाई, ते रुसले नाहीत हो," भगवंतराव विनवायला लागले. "ते विचार करताहेत."

"इचार कराले जेवाचाच टाइम सापडला काय जी? तुमी सरका. तुमाले सोयऱ्याधायऱ्यातलं काही समजत नाई."

रुसल्या जावयाला मान म्हणून देतात तशी दुपट्टा-टोपी घेऊन मला पाठवलं. मी निंबाखाली गेलो, हात जोडले, टोपी पुढं केली. लाहोरवाल्यांनी माझ्याकडं न बघता ती डोक्यावर घातली, दुपट्टा जमिनीवर अंथरला, त्यावर बसले आणि काडीनं मातीत रेघा ओढायला लागले. मी परत येऊन सांगितलं.

"टोपी घेतली, पर बसले नाईत?" आत्याचा चेहरा उतरला. "म्हंजे रुसवा मोठा हाय."

फाटकाशी ओमप्रकाश कढईवरून मान उंच करून बघत होता. "क्या हुआ बाई? पंगत बंद पडली का? पाठवू काय जिलब्या?"

"तू तुही कढई पाय, करपून राहिली!"

आणि खरंच करपत होती बरं का.

मग आत्या स्वतः गेली. पदर खोचला, निंबाखाली उभी राहिली आणि दोन्ही हात जोडले. ज्या बाईनं आयुष्यात वरमाईपुढंही मान वाकवली नव्हती, ती. "साहेब, काय चुकलं तेवढं सांगा. मीठ कमी हाय? मानानं वाढलं नाई कोनं? जे मागसान ते देतो, पर पानावर चला."

लाहोरवाल्यांना बाकी काही कळलं नसावं, पण 'मागसान' एवढं कळलं. त्यांनी हातातली वडी वर धरली. "माँजी, ये और हैं? बहुत सारी चाहिए."

आत्यानं मागं वळून चुलीकडं पाहिलं. पंगतीची परात तर वाढून रिकामी झालेली. होती ती एकच, महादेवरावांची, झाकलेली. मी म्हटलं, "आत्या, ते नको देऊ. महादेवराव यायचे आहेत आता. चव कशाची पाहतीन मंग?"

आत्यानं एकदा फाटकाकडं, एकदा पाहुण्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "पाहुणा उपाशी ठेवून मेस घेऊ काय मी? आन ते परात."

परात आली. लाहोरवाल्यांचे डोळे असे चमकले! दुपट्ट्यावर मधे चांदणी मांडली, भोवती दुसरं कडं, तिसरं कडं. चौथ्याला ते अडले. तिकडं मूर्ती बनलेल्या पंडितांना हे दिसत होतं, त्यांना कसं राहवणार? आधी मद्रासचे उठले, मग कलकत्त्याचे म्हातारे, मग सगळेच. दुपट्ट्याभोवती हा घोळका. कोणी म्हणतो इकडून फिरवा, कोणी म्हणतो तिकडून. कलकत्त्याच्या म्हाताऱ्यांनी गुडघ्यावर बसून एक वडी उलटी लावली आणि आख्खं कडं बसलं. फट नाही, काही नाही. मग काय विचारता! टाळ्या, मिठ्या. लाहोरवाले तर त्या टोपीत खरोखरीचे जावईच दिसत होते.

आणि काम झाल्यावर लागली सगळ्यांना भूक. सकाळपासून डोकं चाललेलं, त्यात पंगत थांबलेली. पहिली वडी लाहोरवाल्यांनीच उचलली, चांदणीच्या मधली. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. भगवंतराव ओरडत होते, "अहो थांबा, वार्तेत छापायला चित्र तरी काढू द्या!" कागद आणायला ते आत पळाले. परत येईपर्यंत मंडळाचा नवा शोध मंडळानंच खाऊन टाकला होता. दुपट्ट्यावर उरले होते तेलाचे डाग आणि थोडं खोबरं.

नेमके तेव्हाच महादेवराव फाटकातून आत आले.

त्यांनी काय पाहिलं? पंगतीच्या जागी अर्धवट जेवलेल्या पत्रावळींची रांग, एकही माणूस नाही. एक कावळा मात्र चांगला बसून जेवत होता. आणि झाडाखाली सगळे पाहुणे बोटं चाटत.

ओमप्रकाश झारा टाकून धावला. "देखो भाऊसाहेब! म्या म्हटलं नव्हतं? पूरी पंगत उठून गेली. एकानंही पान पूर्ण केलं नाही. ये घ्या, गरम जिलबी घ्या."

आत्याची नजर त्या पत्रावळींवर गेली. पत्रावळी पाहून माणूस ओळखणारी बाई ती. तिला ठाऊक होतं, त्या रांगेकडं पाहून कोणीही काय म्हणेल.

महादेवराव चुलीकडं गेले. पंगतीच्या परातीवरचं झाकण उचललं. रिकामी. मग निंबाखाली येऊन दुसरी परात उपडी करून पाहिली. तीही रिकामी. खिशातली किल्ली वाजली.

"माणिकबाई," ते म्हणाले, "पानं अर्धी टाकलेली, पंगत उठलेली, अन् मले चाखाले एक वडी ठेवली नाई तुमी. आता मी ठरवू तरी कशावरून?"

भगवंतराव हलक्या आवाजात पाहुण्यांना इंग्रजीतून सांगत होते. लाहोरवाल्यांनी टोपी काढून हातात धरली. ओमप्रकाशनं जिलबीचं ताट आणखी पुढं केलं.

आत्यानं खोचलेला पदर सोडला, डोक्यावरून नीट घेतला, रिकामी परात उचलून महादेवरावांच्या हातात दिली आणि म्हणाली:

"भाऊ, पानं नका पाहू, हे परात पाहा, भरून होती, आता बोटानं पुसून खाल्ली हाय. देशातले हिसोबाचे एवढे मोठे पंडित हे उभे हायत, त्यायलेच इचारा काहून खाल्ली म्हून. हा हिसोब त्यायले सुटत नसन, तं मंडळ बंद करा. अन् सुटत असन, तं कोठीची किल्ली इकडं द्या अन् उद्या दुपारी जेवाले या. पर भाऊ, इचार घरी ठेवून या, इचार कराले माह्यापाशी आता एकही वडी नाई."