पहिली ओंजळ

चैत्रातल्या दुपारी मानोऱ्याहून पोहरादेवीकडे जाणारा रस्ता वितळल्यासारखा दिसतो. लांबून येणारी माणसं आधी पाय नसल्यागत हवेत तरंगतात, मग त्यांचे पांढरे झेंडे दिसतात आणि अगदी जवळ आल्यावर त्यांना चेहरे फुटतात. रतनसिंगला हे पाहायला फार आवडायचं. कडुनिंबाखाली बसून तो म्हणायचा, "देवानं मानसं अशीच बनवली असन. आधी पानी, मंग मानूस."

रामनवमीच्या यात्रेला त्याची पाणपोई याच झाडाखाली लागायची. दोन रांजण, त्यांना गुंडाळलेली ओली पोती आणि झाकणावर पितळी गडवा. पाणी तो हापशीवरून सायकलवर आणायचा. पाटी नव्हती, क्रूस नव्हता. कुणी विचारलं, "काका, देवीचे भक्त का?" तर सांगायचा, "नाई बाप्पा, मी येशूचा. पन ऊन सगळ्याइचंच हाये." कुणी हसून प्यायचं, कुणी गडवा तसाच ठेवून पुढे जायचं. जाणाऱ्यालाही तो राम राम घालायचा.

हेच झाड का, याला कारण होतं. तरुणपणी तो मोहाची दारू पिऊन याच्याच बुडाशी पडला होता. बाजूनं यात्रा चालली होती. लोकांना वाटलं, पिऊन पडलाय, आणि ते खोटं नव्हतं. जीभ टाळूला चिकटली. पापण्यांआड सगळं पांढरं होत गेलं. मरण काळं असेल अशी त्याची समजूत होती, ते पांढरं निघालं. त्या पांढऱ्यातून एक बाई आली. दवाखान्यात आयाचं काम करणारी हेमलाबाई, प्रार्थनेहून घरी चाललेली. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओंजळी ओंजळीनं पाणी पाजलं.

शुद्धीवर आल्यावर त्यानं विचारलं, "मले काहून पाजलं? मी तुमचा कोन लागतो?"

"मलेबी कोनीतरी पाजलं होतं," ती म्हणाली.

तिला कुणी पाजलं होतं, हे शोधत तो तिच्या प्रार्थनेला जाऊन बसला आणि मग तिथलाच झाला. दारू सुटली. पाळकांनी एकदा विचारलं, तुझं तारण कोणत्या तारखेला झालं? रतनसिंग म्हणाला, "रामनवमीले." पाळक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पण तारीख तीच राहिली. नाताळला नसेल एवढी त्याची घाई या दिवशी असायची. धुतलेला सदरा, पोत्यांवर पाण्याचा शिडकावा आणि ओठांत बंजारा तांड्याच्या जुन्या चालीवर स्वतः रचलेलं गाणं.

एक नेम मात्र त्यानं कधी मोडला नाही. त्या दिवशी पहिलं पाणी स्वतःच्या हातानं घ्यायचं नाही. दुसऱ्यानं ओतायचं, आपण वाकून ओंजळ धरायची. "तारन का आपल्या हातानं पेता येते?" तो म्हणायचा. बायको ललिताबाई दरवर्षी ओतायची आणि टोमणाही मारायची, "पे लवकर. तुया देवापायी माया कंबरेचा काटा ढिला झाला." ती हसायची, तो प्यायचा, मग यात्रेला पाणी सुरू व्हायचं.

ललिताबाई पौषात गेली.

यंदा रांजण भरले, पोती ओली केली, गडवा घासून लखलखीत केला. मग रतनसिंगला एकदम आठवलं की ओतणारं कुणी नाही. कुणाला सांगावं? पण हेमलाबाईकडे त्यानं कुठं मागितलं होतं? मागितलेलं पाणी आणि आलेलं पाणी त्याच्या लेखी एक नव्हतं. यात्रा तर थांबणार नव्हती. तो तसाच कोरड्या घशानं पाजू लागला.

ऊन चढलं. ओंजळींमागून ओंजळी समोर आल्या. मेंदीच्या, भेगांच्या, बांगड्यांच्या. एक म्हातारी तोंड पुसत म्हणाली, "दुसऱ्याइले पाजून राह्यला अन् सोता वाळून चालला. कसा रे तू?"

"आज कोनी पाजल्याबिगर पेत नाई मी, माय," असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ते मागणंच झालं असतं. तो नुसता हसला. म्हातारी पुढे गेली.

दुपारी रस्ता वितळला. माणसं तरंगत येऊ लागली. मध्येच रतनसिंगला वाटलं, त्या झळांमधून ललिता येते आहे, पदर खोचून, कंबरेवर हात ठेवून. तो उठून उभा राहिला. चेहरा फुटला तेव्हा तो अमरसिंगचा होता.

अमरसिंग त्याचा थोरला भाऊ. रतनचा बाप्तिस्मा झाला तेव्हापासून त्यानं धाकट्याच्या हातचं पाणी सोडलं होतं. भांडण नाही, शिव्या नाहीत. लग्नकार्यात दोघे शेजारी बसत, पण रतनच्या घरचा पेला त्यानं ओठाला लावला नाही. दर यात्रेला तो खांद्यावर झेंडा घेऊन रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं, समोर पाहत जायचा.

रतनसिंगनं दरवर्षीसारखा गडवा पुढे केला. अमरसिंगनं दरवर्षीसारखी मान हलवली आणि तो पुढे गेला. थोडं पुढे जाऊन थांबला. रस्ता ओलांडून परत आला.

"तू प्याला का नाई अजून?"

रतनसिंगनं गडवा झाकणावर ठेवला.

"ललिता तर नाई आता," अमरसिंग म्हणाला. "मंग कोनं ओतलं?"

"तुले कसं ठाऊक, दादा?"

"समोर पाहून चालनाऱ्याले बाजूचं दिसत नाई का? दरसाली सकाळी जातानी पाह्यतो, यंदाच उशीर झाला. ते ओते, तू लहान पोरावानी ओंजळ धरे." त्यानं झेंडा कडुनिंबाला टेकवला आणि गडवा रांजणात बुडवला. "तुयं पानी मी पेनार नाई, आधीच सांगतो. पन तुले पाजू नोको असं मले कोनी सांगतलं नाई. वाक."

रतनसिंग वाकला. पाणी ओंजळीत पडलं आणि त्याला वरची पानं त्यात हलताना दिसली. हेमलाबाई, ललिता, दादा. हात बदलत गेले होते, धार तीच होती. त्याला हसू आलं. पाणी हनुवटीवरून कोपरापर्यंत ओघळलं.

"हासू नोको. ठसका लागन," अमरसिंग म्हणाला. लहानपणी विहिरीवर त्यांची याडी, त्यांची आई, असंच म्हणायची.

रतन पोटभर प्याला. गडव्यात थोडं उरलं होतं. अमरसिंगनं क्षणभर त्याकडे पाहिलं, मग ते आपल्या अनवाणी, भाजलेल्या पायांवर ओतलं. एका पायावर, मग दुसऱ्यावर. गडवा झाकणावर ठेवला आणि झेंडा उचलला.

"चाल, पाज आता लोकाइले. खोळंबले."

ओल्या पावलांचे ठसे डांबरावर उमटत गेले आणि वाळत गेले. झळांमध्ये आधी त्याचे पाय गेले, मग पाठ, शेवटी पांढरा झेंडा. रतनसिंगच्या ओठांवर गाणं आलं. समोर एक नवी ओंजळ उभी होती. तो गडवा भरायला वळला.