आमच्या घराण्याचं आद्य वाद्य

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी मी सीना नदीवर बसून डोकं आणि मिशा उतरवून घेतल्या, त्या एका प्राचीन वाद्यापायी. मला कोणतंही वाद्य वाजवता येत नाही.

त्या काळी जमिनीतून काहीतरी उकरून काढण्याची साथच आली होती. सिंधमध्ये जुनी नगरं निघाल्याच्या बातम्या छापून आल्यापासून सोलापुरातला प्रत्येक शिकलेला माणूस खाली बघून चालायला लागला. मी शाळेत इतिहास शिकवत असे (म्हणजे पुस्तक मोठ्यानं वाचत असे) आणि तेवढ्या भांडवलावर स्वतःला संशोधक समजत असे. अशात मोहोळजवळच्या आमच्या शेतात विहीर खणताना एक मडकं निघालं. काळंतांबडं, तोंडावर झाकण घट्ट बसलेलं. विहिरीवरचा मारुती ते घेऊन घरी आला.

"हलवलं की वाजतंय बगा, मास्तर," तो म्हणाला. "आत कायतरी हाय."

"आत आहे म्हणूनच वाजतं. हे प्राचीन वाद्य आहे."

"असंल की," मारुती म्हणाला. त्याला चहा हवा होता, वाद नको होता.

झाकण काढून आत बघावं हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. मला नाही सुचलं. आम्हा संशोधकांना निष्कर्ष आधी सुचतो, बघणं वगैरे मागाहून.

आईवडील गेल्यावर बहीण वेणू हिच्या लग्नाची काळजी माझ्यावर आणि आत्यावर होती. बार्शीच्या बापूसाहेब वकिलांचं स्थळ चालून आलं. मुलगा उत्तम, पण बापूसाहेब गाण्याचे वेडे. त्यांना सून गाण्याच्या घराण्यातलीच हवी होती. वेणू दळताना ओव्या म्हणायची तेव्हा शेजारीण खिडकी लावून घ्यायची. म्हणून मी मडकं पुढे केलं.

"आमच्या मूळपुरुषाचं वाद्य," मी म्हणालो. "आमच्याच शेतात निघालं."

बापूसाहेबांनी ते कानाशी धरून हलवलं आणि डोळे मिटले. "म्हणजे दोन हजार वर्षं तुमच्याकडे गाणं आहे?"

"कमीत कमी."

सुपारी फुटली. आत्यानं मडकं देवघरात नेलं आणि रोज त्याला हळदकुंकू वाहायला सुरुवात केली. मीही तालमीला बसलो. मडक्यावर थाप मारून मान हलवली की लोकही मान हलवतात, हे माझ्या लवकरच ध्यानात आलं. संगीताचं माझं सगळं ज्ञान एवढंच.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाड आलं. मांडवात सीमांतपूजन आटोपलं आणि बापूसाहेब म्हणाले, "मास्तर, आता होऊन जाऊ द्या."

मी मांडी घातली, मडकं पुढ्यात घेतलं आणि पूर्वजांचं स्मरण करून थाप मारली. जरा जास्तच स्मरण झालं असावं. झाकण उडून विहिणीच्या ओटीत पडलं आणि मडक्यातून राख अन् हाडांचे तुकडे सतरंजीवर आले.

बापूसाहेबांचे मेहुणे पुढे सरकले. ते पुण्याचे, आणि दुर्दैवानं खरे संशोधक होते. त्यांनी एक तुकडा उचलून दिव्याशी धरला.

"अस्थी आहेत," ते म्हणाले. "मृताला ज्यात घालून जमिनीत पुरतात तो कलश. हे तुमच्या मूळपुरुषाचं वाद्य नव्हे, मास्तर. हा मूळपुरुषच."

"अगबाई," आत्या म्हणाली, "आणि मी परपुरुषाला रोज कुंकू लावत होते!"

मांडवात अस्थी निघाल्या म्हटल्यावर सगळे उठून उभे राहिले. शेवटी सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी तपकिरीची चिमूट ओढून निकाल दिला.

"परक्याच्या असतील तर घर सारवा, अंघोळी करा, विषय संपला. घराण्यातल्या असतील तर मात्र क्रिया राहिलीय. कर्त्या पुरुषानं सकाळी क्षौर करावं, नदीवर विसर्जन करावं. मग संध्याकाळी गोरज मुहूर्तावर लग्न लावू."

"परक्याच्या असायचा प्रश्न कुठे येतो?" बापूसाहेब वकिली आवाजात म्हणाले. "मास्तरांनी मला स्वतः सांगितलंय. आणि ते खोटं असेल, तर असल्या घरची मुलगी मला करायची नाही."

आता आली का पंचाईत! मूळपुरुष नाकारावा तर वेणूचं लग्न मोडतं, कबूल करावा तर माझ्या मिशा जातात. आणि मिशा म्हणजे माझ्याकडे इतिहासाच्या मास्तराला शोभेल अशी ती एकच गोष्ट होती. वेणू दारातून हळूच म्हणाली, "दादा, मिशा पुन्हा येतील. हे स्थळ येणार नाही."

तिचे डोळे भरले होते. मी मिशांवरून एकदा शेवटचा हात फिरवला.

"आमचेच आहेत," मी म्हणालो.

सकाळी नदीवर मी अनोळखी माणसाच्या नावानं पिंड दिले. गुरुजींनी नाव विचारलं, ते मला कुठून माहीत असणार? संध्याकाळी कन्यादानाला बसलो तेव्हा तुळतुळीत डोक्यावर पागोटं ठरेना. ऐन वेळी ते डोळ्यांवर आलं आणि मी वेणूचा हात मोठ्या भक्तिभावानं गुरुजींच्या हातात दिला. वऱ्हाड हसलं, तरी लग्न लागलं. वेणू सुखात पडली. मडकंही मेहुण्यांनी पुण्याला नेलं.

दिवाळसणाला जावयाबरोबर बापूसाहेब आणि मेहुणेही आले. माझ्या मिशा नुकत्या कुठे पुन्हा पहिल्यासारख्या दिसू लागल्या होत्या.

"मास्तर, वाईट वाटून घेऊ नका," फराळ करता करता मेहुणे म्हणाले. "मडक्याच्या तळाशी दोन तुकडे राहिले होते. ते गुरांच्या डॉक्टरांना दाखवले. माणसाचे नाहीत. मेंढीचे आहेत."

आत्यानं पदर तोंडाला लावला. वेणू हसू आवरायला स्वयंपाकघरात पळाली. बापूसाहेबांनी मात्र लाडू खाली ठेवला आणि मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं.

"खरं सांगतो मास्तर, रागावू नका," ते म्हणाले. "लग्नात मला थोडी शंका होती. आता राहिली नाही. पूर्वज तुमचेच."