पामर्स्टन नॉर्थला नेलेला प्रश्न

सप्टेंबरात, इथला हिवाळा संपता संपता, ऑकलंडहून डेझर्ट रोडने दक्षिणेला जायचं तर निघण्याआधी रस्ता उघडा आहे का, हे बघून घ्या. आम्ही न बघता निघालो आणि टाउपोला कळलं की बर्फामुळे तो बंद आहे.

माझ्या माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसातली केट म्हणाली होती, "माझ्या आजोबांना भेटायचं तर याच आठवड्यात जा." ते पामर्स्टन नॉर्थच्या वृद्धाश्रमात होते, नव्वदीला टेकलेले, हृदय थकलेलं. १९४२ साली सिंगापूर पडलं, त्याच्या थोडं आधीपर्यंत ते तिथे धावपट्ट्या बांधत होते. माझे आजोबाही तिथेच होते, हिंदी पलटणीत. ते परतलेच नाहीत. तार आली ती 'बेपत्ता' एवढीच. पुढे गावचा एक शिपाई सुटून आला आणि त्याने सांगितलं, शेवटच्या रात्री हा पुलावरची जागा सोडून पळाला.

तेव्हा बाबा चार वर्षांचे होते. ते वडिलांना कधीही पाणी देत नाहीत, सर्वपित्रीलासुद्धा नाही. पळालेल्याला कसलं पाणी, म्हणतात. सहीतही वडिलांचं नाव घालत नाहीत. सहा महिने माझ्याकडे राहायला आलेले, एरवी डेअरीपर्यंत, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत, यायलाही कुरकुरणारे बाबा या प्रवासाला मात्र आपणहून निघाले. त्यांना एकच विचारायचं होतं: आमची माणसं पळाली का?

वळसा घेऊन नॅशनल पार्कच्या रस्त्याने गेलो. जवळजवळ तासभर वाढतो, पेट्रोल टाउपोलाच भरून घ्या. एका बेकरीत मी खिम्याची पाय-पेस्ट्री खाल्ली, बाबांनी गाडीतच घरची थालीपिठं. मोटेल नव्वद डॉलर, स्वच्छ, हीटर चांगला. बाबांनी रात्रभर कूस बदलली आणि मीही.

सकाळी अकराला भेट. दारातल्या वहीत बाबांनी नाव लिहिलं, अर्थातच मधलं वगळून. केटचे रॉन आजोबा खिडकीशी पांघरुणात बसले होते. बाबांनी प्रश्नाला तोंड उघडायच्या आधी तेच बोलू लागले.

"आमची बोट सुटली तेव्हा धक्क्यावर हिंदी शिपाई पहाऱ्यावर होते. एकाने माझी बॅग वर चढवून दिली. तो खालीच राहिला."

"तुम्हाला हुकूम होता," बाबा त्यांच्या कारकुनी इंग्रजीत म्हणाले.

"होता. पण बोटीवर चढताना मला आनंद झाला होता." ते पुढे वाकले, पांघरूण गुडघ्यांवरून घसरलं. "हे मी घरी कुणालाच सांगितलेलं नाही."

मला वाटलं, बाबा आता उठून जाणार. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"किती वर्षांचे होतात?"

"तेवीस."

बाबांनी त्यांचं घसरलेलं पांघरूण नीट केलं. वेळ संपेपर्यंत आम्ही बसलो, पण तो प्रश्न काही निघाला नाही.

गाडीत मी चिडले. एवढे पाचशे किलोमीटर येऊन विचारलं का नाहीत, म्हटलं. मला खरंच राग आला होता.

"अगं, पंचवीस वर्षांचं पोरगं होतं ते," बाबा म्हणाले. कुणाबद्दल बोलताहेत, ते कळायला मला एक क्षण लागला.

माझे आजोबा पळाले की तिथेच पडले, हे आम्हाला अजूनही माहीत नाही. आता कळणारही नाही. ऑकलंडला परतल्यावर सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी बाबांनी मला सँड्रिंगहॅमच्या भारतीय दुकानात पिटाळलं, काळे तीळ आणायला. दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात पान वाढलं. इथे कावळे दिसत नाहीत, साळुंक्या आल्या. बाबांनी ओंजळ धरली, आणि त्यांच्या तोंडून ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. कृष्णा भिवा जाधव.