आठवा लागलाय

आमच्या दवाखान्यातली एक नर्स तोंडाने फटकळ. सुई टोचायच्या आधी एक शिवी हासडायची. रागाच्या भरात सुई कळत नाही, हे तिचं शास्त्र. सगळे तिला सुईताई म्हणत. किती बाळंतपणं केलीस, असं विचारलं की म्हणे, "डोक्यावरचे केस मोजा."

एका दुपारी शिवणकाम करणारी एक पोर पोट धरून आली. सोबत सासू. बाकावर बायकांची ही गर्दी.

"कितवा गं?"

"आठवा," पोर कण्हली.

सुईताईनं कागदावर लिहिलं, 'आठ महिने पूर्ण'. झटक्यात गाडी बोलावून पोरीला मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथे तोच कागद खरा धरला.

पण पोरीला आठवा लागला होता, भरला नव्हता. भरले होते सात. एवढ्या लवकर कळा आल्या तर आईला आधी एक इंजेक्शन द्यायचं. त्यानं पोटातल्या बाळाची फुप्फुसं श्वासाला तयार होतात. आठ भरले असले की सहसा देत नाहीत. "लागला की भरला?" एवढे तीन शब्द विचारायचे राहिले.

पोर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळंत झाली. तिथल्या डॉक्टरांचा फोन आला, "ताई, बाळ सव्वा किलोचं. आठ कुठले भरलेत?"

बाळ तेवीस दिवस नळ्यांत होतं. सुईताईनं दवाखान्यातल्या कंपाउंडरला आपली चूक सांगितली. तो म्हणाला, "जगलंय ना? झाकली मूठ ठेव."

दोन महिन्यांनी सासूनं बाळ आणून तिच्या मांडीवर ठेवलं. "तुम्ही गाडी बोलावलीत म्हणून हे दिसतंय हो!"

बाळाचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. सुईताईनं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे सुई दिली असती तर नळ्या लागल्या नसत्या?"

"लागल्याच नसत्या असं नाही म्हणवत. पण द्यायला हवी होती. चूक माझी."

सासूनं बाळ उचललं. "दोन महिने रोज आशीर्वाद देतेय तुम्हाला. आता ते परत कसे घेऊ?"

लसीच्या दिवशी सासू बाळाला घेऊन अजून येते. पण दुसऱ्या नर्सच्या रांगेत उभी राहते, ती रांग लांब असली तरी. सुईताई तिला हाक मारत नाही. मानही वर करत नाही.