काटा खालीच होता

त्या दुष्काळात दर रविवारी सकाळी मी नांदेडहून लातूरला पाणी घेऊन जायचो. मागच्या सीटा काढलेल्या, त्या जागी वीस-वीस लिटरचे दहा जार, आणि स्टिअरिंगवर मी, आठवीला विज्ञान शिकवणारा मास्तर. गाडी जुनी, सात माणसांची, डिझेलवर चालणारी. विकणारा तिला एसयूव्ही म्हणाला होता; आमच्या घरात तिला टँकर म्हणत.

पाणी अक्कासाठी. अक्का माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा भाऊजी तिथल्या कचेरीत बदलून गेले आणि दोघांनी पोटाला चिमटा घेऊन घर बांधलं. "जिल्ह्याचं गाव हाय आता, सगळं येणार," असं भाऊजी सांगत. कलेक्टर आला, कचेऱ्या आल्या, बोर्ड आले. पाणी तेवढं यायचं राहिलं. त्या उन्हाळ्यापर्यंत भाऊजीही राहिले नव्हते. गल्लीतली बोअर आटली, शेजारी कुलपं लावून नातेवाइकांकडं गेले, आणि अक्काचे गुडघे टँकरच्या रांगेत उभं राहण्यातले नव्हते. मी म्हणालो, नांदेडला चल. ती म्हणाली, "तू पाणी आणतोस तवर मी हितंच. ज्या रविवारी येणार न्हाईस, त्या दिवशी कुलूप लावीन." म्हणजे तिचं घर माझ्या गाडीवर टिकून होतं, आणि गाडी माझ्या अकलेवर.

गाडी घेतल्यापासून तिचा उष्णतेचा काटा तळाशी, निळ्या रेघेवर पडून असायचा. बाहेर माणूस भाजून निघतोय आणि आमचं इंजिन थंड. हे मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत अभिमानानं सांगायचो. पण धूर काळा येत होता आणि डिझेल लई पीत होती, म्हणून शेवटी मिस्त्रीकडं नेली. दाढीला मेंदी लावणारा, माझ्याच वयाचा माणूस.

"सर, थंड इंजन म्हणजे तब्येत चांगली असं न्हाई," तो म्हणाला. "अर्धं डिझेल कच्चंच फेकून राहिली ही."

त्यानं सेन्सरची वायर काढून गाडीच्या पत्र्याला टेकवली. काटा उडी मारून वर गेला. मीटर बरोबर, वायर बरोबर. मग थंड इंजिन चालू करून त्यानं मला रेडिएटरचा वरचा पाइप धरायला लावला.

"गरम होऊन राहिला का?"

"कोमट झालाय."

"इतक्या लवकर व्हायला न्हाई पायजे. वॉल असता तर इंजन तापल्याबिगर पाणी इकडं सोडलंच नसतं."

पाइपाच्या मुळाशी असलेलं झाकण उघडलं तर थर्मोस्टॅट वॉलची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या झडपेची, जागा रिकामी. आधीच्या मालकानं काढून टाकला होता. "आपल्याकडं सगळेच काढतेत," मिस्त्री म्हणाला. "उन्हाळा आला की माणूस सदरा काढतो अन् गाडीचा वॉल." त्यानं नवा वॉल बसवला, रेडिएटर काठोकाठ भरला आणि बोट उगारून सांगितलं, "काटा वर गेला तर घाबरा. पण एकदम खाली पडला तर जास्ती घाबरा. पाणी संपलं की सेन्सर हवेत लटकतो, मग त्याला आतलं कळत न्हाई. आधी पाणी बघायचं." मी मान हलवली. माझे विद्यार्थी हलवतात तशीच.

पुढच्या रविवारी लोहा ओलांडेपर्यंत काटा मधोमध येऊन बसला. त्याची खरी जागा तीच होती. पण मी त्याला कायम झोपलेला बघितला होता. तो उठून बसलेला बघून मलाच घाम फुटला. अहमदपूरला रस्त्याकडेच्या गॅरेजवर गाडी घातली. तिथला माणूस म्हणाला, "वॉल हाय का आत? मग काढून टाकू की." दहा मिनिटांत वॉल माझ्या हातात आणि जुनंच गॅसकेट, झाकणाखालची ती चकती, परत जागेवर. काटा खाली गेला, माझा जीव भांड्यात पडला.

ते गॅसकेट थेंब थेंब गळत होतं. बायको म्हणालीसुद्धा, "अहो, गाडीखाली ओल दिसून राहिली."

"जार गळत असेल," मी म्हणालो आणि जारांची झाकणं आवळली.

रेडिएटरचं झाकण मी उघडलं नाही. काटा तळाशी, मग कशाला उघडायचं? शिवाय त्यात ओतायचं पाणी अक्काच्या वाट्यातून जाणार.

तिसऱ्या रविवारी अहमदपूर सोडलं तेव्हा काटा निळ्या रेघेच्याही खाली होता. आज तर फारच गार चाललीय, असं मी मनात म्हणालो. चाकूरच्या अलीकडं जळका वास आला, इंजिन खडखडलं आणि थांबलं. बॉनेट उघडलं तर वाफसुद्धा नव्हती. वाफेला पाणी लागतं. पाठीमागे दोनशे लिटर पाणी भरलेली गाडी तहानेनं गेली होती.

तेवढ्यावर भागलं असतं, पण मी घाबरून अर्धा जार तसाच त्या तापल्या इंजिनात ओतला. आतून टक् असा आवाज आला. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकल्यावर काय होतं, हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात दाखवतो. तापमापीचा फुगा पाण्यात बुडालेला हवा, हे न लिहिणाऱ्या पोरांचे गुणही कापतो.

अक्काला फोन लावला. "गाडी बंद पडली, अक्का."

"कुठं?"

"चाकूरच्या अलीकडं."

मग म्हणाली, "पाणी?"

"साडेनऊ जार हायत."

"जवळ वस्ती हाय का?"

"हाय."

"मग तिथंच वाटून टाक. माघारी कशाला नेतोस." आणि फोन ठेवता ठेवता, "तू खाल्लंस का काही?"

मंगळवारी ती दोन पिशव्या घेऊन एसटीनं नांदेडला आली. कुलूप तिनं सांगितल्याप्रमाणं रविवारीच कपाटातून काढून ठेवलं होतं, फक्त लावायला तिला दोन दिवस लागले.

गाडी ओढून आणली. मिस्त्रीनं हेड खोललं, दिव्याच्या उजेडात मला चीर दाखवली. "ब्लॉकबी गेला, सर. आता हिचं काही होत न्हाई." पाणी बघायला सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

अक्का अजून आमच्याकडंच आहे आणि नळ चालू असला तरी अर्ध्याच बादलीत आंघोळ करते. लातूरची सवय जात नाही. रविवारी सकाळी आवरून, लातूरच्या घराची चावी कमरेला खोचून बसते.

"गाडी झाली का रे?" विचारते.

"मिस्त्री बघून राहिला," मी सांगतो.

"बरं," म्हणते आणि चहा घेते.