जहाजाचा नकाशा

आईला घेऊन आठ दिवस समुद्रावर फिरून यायचं ठरलं, म्हणून दोन क्रूझ कंपन्यांची माहितीपत्रकं मी जेवणाच्या टेबलावर पसरली होती. माझा जीव मोठ्या जहाजात अडकला होता. त्यावर नाटकघर आहे, पोहायचा तलाव आहे, आईला चालेल असं शाकाहारी जेवणही आहे.

मी हे वाचून दाखवत होते आणि आई जहाजाचा नकाशा बघत होती. आमच्या खोलीपासून तिनं कागदावरून बोट फिरवायला सुरुवात केली. लांबलचक पॅसेजमधून ते जेवणघराकडे निघालं, मध्येच थांबलं, पुन्हा निघालं, पुन्हा थांबलं.

"इथे मध्ये बसायला काही असतं का गं?"

"आई, आपण फिरायला जातोय, बसायला नाही."

"बरं. तू म्हणशील ते जहाज," म्हणत तिनं चष्मा काढला आणि ती आत जाऊन पडली.

पॅसेज आमच्या घरातही आहे, तिच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत. गेले काही दिवस टेबलाची एक खुर्ची रोज तिथे मधोमध दिसते. मी ती रोज संध्याकाळी जागेवर ठेवते आणि वाटेत अडगळ करू नकोस म्हणून आईवर कुरकुरते. आपण थकलोय हे कोणी बोलून दाखवत नसावं. घरातली एखादी वस्तू तेवढी जागची हलते.

आजही खुर्ची तिथेच होती. उचलायला गेले आणि तिच्यावरच बसले. तिथून स्वयंपाकघर एवढं लांब दिसतं, हे मला माहीत नव्हतं.